निघण्याआधी फोनमधला मॅप नीट लावून घ्या: मराठवाड्यात नव्याने आलेल्यांसाठी आणि घरच्या ज्येष्ठांसाठी

लातूरला मुलांच्या क्लाससाठी बिऱ्हाड केलेले पालक, हिंगोली-धाराशिवच्या बँकेत, शाळेत, आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेली मंडळी, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला आलेले तरुण, या सगळ्यांची एक तक्रार ठरलेली असते. शहरात मॅप व्यवस्थित चालतो. फाट्यावरून आत वळलं की स्क्रीन राखाडी होते आणि निळा ठिपका जागचा हलत नाही. दुसरी तक्रार घरातल्या वडीलधाऱ्यांची. मॅप अडकायच्या आधीच त्यांची अडचण सुरू होते, कारण तो त्यांना वाचताच येत नाही. अक्षरं मुंगीएवढी, बोट लावावं तिथे भलतंच उघडतं, आणि फोन बोलतो ते इंग्रजीत.

दोन्हींवर इलाज आहे आणि त्यासाठी नवा फोन घ्यायची गरज क्वचितच पडते. माझ्या आईचे हात संधिवाताने आखडलेले आहेत, मामांची नजर अधू आहे. त्यांचे, मग नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे फोन लावून देता देता जे पक्कं कळलं, ते इथे क्रमाने देतो. माझं सांगणं एवढंच आहे की मॅप घरी बसून तयार करायचा असतो. आणि तो ज्याच्या हातात राहणार आहे त्याच्या डोळ्यांना, कानांना, बोटांना जुळेल असा लावायचा असतो.

खालचं वर्णन मुख्यतः अँड्रॉइड फोन आणि गूगल मॅप्स धरून आहे. कंपनीनुसार सेटिंगची नावं थोडी इकडेतिकडे होतात. एखादी सेटिंग सापडली नाही, तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये तिचं नाव टाका.

काय काय जवळ ठेवाल

- फोन किंवा टॅब, पूर्ण चार्ज केलेला
- गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड (पासवर्ड माहीत नसतो म्हणून निम्मी कामं इथेच थांबतात, तो आधी शोधून ठेवा)
- वाय-फाय, किंवा दिवसाचा उरलेला डेटा
- फोनमध्ये एक-दोन जीबी मोकळी जागा
- गाडीतला होल्डर, चार्जिंगची केबल, दुचाकीवर असाल तर एका कानातला इअरफोन
- कागदावर लिहिलेलं: जायच्या गावाचं नाव, तालुका, जिल्हा, आणि तिथल्या एका माणसाचा फोन नंबर

शेवटची ओळ सोडू नका. बॅटरी संपल्यावर तो कागदच कामाला येतो.

१. दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी ओळखा

'मॅप चालत नाही' या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

उघड्यावर उभे राहा, मोबाइल डेटा बंद करा, मॅप उघडा आणि शंभरेक पावलं चाला.

ठिपका तुमच्याबरोबर सरकतोय पण आजूबाजूचा नकाशा कोरा आहे, तर दुखणं इंटरनेटचं. पायरी ४ बघा.

नकाशा दिसतोय पण ठिपका हलत नाही किंवा शेजारच्या गल्लीत उड्या मारतो, तर दुखणं लोकेशनचं. पायरी ३.

दोन्ही ठीक आहे, पण बोट फिरवल्यावर स्क्रीन दोन सेकंदांनी हलते, तर दुखणं फोनचं. पायरी २.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. फोन उपग्रहांचे सिग्नल नुसते ऐकतो आणि त्यावरून आपली जागा काढतो. इंटरनेट लागतं ते त्या जागेभोवतीचा नकाशा उतरवायला. डेटा सुरू असेल तर कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोनला झटकन मिळते, म्हणून पहिला ठिपका लवकर उमटतो. डेटा नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सावकाश येते आणि काही सेकंदांचं काम मिनिटांवर जातं. तेवढा वेळ मोकळ्या आभाळाखाली थांबा. पत्र्याच्या शेडखाली किंवा स्लॅबच्या घरात थांबून उपयोग नाही.

२. फोन हलका करा

स्टोरेज काठोकाठ भरलं की मॅपच काय, सगळाच फोन रखडतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभातचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ काढून टाका. मॅप अ‍ॅप प्ले स्टोअरवरून अपडेट करा.

मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मॅप्स, स्टोरेज या वाटेने जाऊन 'क्लिअर कॅश' दाबा. शेजारीच 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असतं, त्याला हात लावू नका. त्याने उतरवलेले ऑफलाइन नकाशे आणि सेटिंग्ज पुसल्या जातात, आणि हे सहसा गावाला निघायच्या सकाळीच लक्षात येतं.

मॅपमध्ये लेयर्सचं चौकोनी बटण आहे. तिथे सॅटेलाइट दृश्य सुरू असेल तर साधं 'डिफॉल्ट' करा. सॅटेलाइटची चित्रं उतरवायला डेटा बराच लागतो आणि कमी रॅमच्या फोनला ती पेलत नाहीत. थ्रीडी इमारतीही बंद ठेवा.

अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'रिमूव्ह अ‍ॅनिमेशन्स' असा पर्याय बहुतेक फोनमध्ये सापडतो, आयफोनमध्ये तो 'रिड्यूस मोशन' नावाने आहे. पडदे सरकण्याचे देखावे त्याने बंद होतात. जुना फोन चपळ वाटायला लागतो आणि ज्यांना सरकत्या स्क्रीनने गरगरतं त्यांनाही बरं पडतं.

३. लोकेशन पक्कं करा

मॅपला लोकेशनची परवानगी देताना 'प्रिसाइज' सुरू आहे ना ते बघा. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून अंदाजे आणि नेमकं असे दोन पर्याय येतात. घाईत 'अंदाजे' निवडलं गेलं की मॅप तुम्हाला गावाच्या आसपास कुठेतरी धरतो आणि वळणं चुकीची सांगतो.

सेटिंग्जमधल्या लोकेशन विभागात 'लोकेशन अ‍ॅक्युरसी' सुरू करा. मग फोन वाय-फाय, मोबाइल टॉवर आणि सेन्सर यांचीही मदत घेतो. शहरात याचा फायदा मोठा. शिवारात तुमचा भरवसा जीपीएसवरच.

ठिपक्यातून निघणारा निळा झोत भलतीकडे तोंड करून असेल तर होकायंत्र बिघडलंय. ठिपक्यावर टॅप करून कॅलिब्रेट निवडा, किंवा फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकार काढा. चुंबकाचं कव्हर किंवा चुंबकाचा होल्डर असेल तर आधी तो काढा.

बॅटरी सेव्हर सुरू असताना स्क्रीन बंद झाली की अनेक फोन लोकेशन थांबवतात. काही कंपन्यांचे फोन तर मागे चाललेलं नेव्हिगेशन न विचारता बंद करतात. अ‍ॅप इन्फो, बॅटरी इथे जाऊन मॅप्सला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

टॅब घेणाऱ्यांनी इथे थांबून वाचा. मोठ्या स्क्रीनमुळे ज्येष्ठांसाठी टॅब चांगला, पण फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सिमवाल्या मॉडेलमध्ये असतं. स्वस्त अँड्रॉइड टॅबमध्येही ते नसू शकतं. फोनचा हॉटस्पॉट दिला की त्या टॅबवर नकाशा दिसतो, पण ठिपका गाडीबरोबर नीट पळत नाही. असा टॅब घरी बसून रस्ता बघायला, गाव शोधायला वापरा आणि गाडीत फोन लावा. नवा घेणार असाल तर दुकानदाराला 'जीपीएस आहे का' एवढंच विचारू नका. दुकानाबाहेर उघड्यावर येऊन, डेटा बंद करून ठिपका हलतो का ते बघा.

४. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा

सगळ्या पायऱ्यांत सर्वांत जास्त फरक हिने पडतो.

वाय-फायवर असताना मॅप उघडा. वर कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स', मग 'सिलेक्ट युवर ओन मॅप'. चौकट दिसेल. ती लहान-मोठी करून आपला जिल्हा आणि लगतचे तालुके आत येतील अशी बसवा. किती एमबी लागतील ते खालीच दिसतं. डाउनलोड दाबा. त्याला 'परभणी-हिंगोली', 'बीड-धाराशिव' असं ओळखू येणारं नाव द्या.

औट्रम घाट आणि गौताळ्याचा पट्टा, बालाघाटातले चढउतार, किनवट-माहूरचं जंगल इथून जायचं असेल तर हे केल्याशिवाय निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही गोष्टी मात्र माहीत असू द्या. ऑफलाइन असताना गूगल मॅप्स गाडीचा रस्ता सांगतो. पायी, सायकल आणि बसचा सांगत नाही. ट्रॅफिकही दिसत नाही. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, म्हणून 'ऑटो-अपडेट' सुरू ठेवा आणि महिन्यातून एकदा त्या यादीवर नजर टाका.

आणखी एक सापळा आहे. ऑनलाइन असताना रस्ता सुरू केला आणि मध्येच रेंज गेली, तरी ठरलेला रस्ता चालू राहतो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण एक वळण चुकलं की नवा रस्ता काढायला नकाशा लागतो आणि तो उतरवलेला नसेल तर स्क्रीन फिरत राहते.

पायी जाणाऱ्यांसाठी आणि फार जुन्या फोनसाठी ऑरगॅनिक मॅप्स हे मोफत अ‍ॅपही ठेवा. ते ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर चालतं, नकाशा एकदा उतरवला की पुढे इंटरनेटशिवाय पायवाटेचा रस्तासुद्धा काढून देतं, आणि त्यात जाहिराती नाहीत. दुकानं, दवाखाने त्यात कमी सापडतील. देशी पर्याय हवा असेल तर मॅपमायइंडिया कंपनीचं मॅपल्स आहे. दोन अ‍ॅप जवळ असलेली बरी. एकात नसलेली वस्ती दुसऱ्यात अनेकदा निघते.

५. गाव बरोबर निवडलंय ना, ते तपासा

फोन कितीही चांगला चालला तरी चुकीच्या गावाला घेऊन गेला तर काय फायदा? मराठवाड्यात हे फार सहज होतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, पिंपरी, टाकळी. ही नावं जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहेत. नुसतं 'पिंपळगाव' टाकून पहिला निकाल निवडू नका. गाव, तालुका, जिल्हा असं पूर्ण टाका. त्यातही बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावं असतात. मधून नदी किंवा ओढा गेलेला असला तर या गावातून त्या गावात जायला मोठा वळसा पडतो. निरोप देणाऱ्याला 'बुद्रुक का खुर्द' हे आधीच विचारून घ्या.

नावं बदललेल्या शहरांचा गोंधळ अजून संपलेला नाही. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं मॅपवर मिळतात, पण कित्येक दुकानांच्या आणि संस्थांच्या पत्त्यांत औरंगाबाद, उस्मानाबाद तसंच आहे. एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा. नुसतं 'संभाजीनगर' टाकलंत तर त्या नावाच्या वसाहती इतर गावांतही आहेत, हे ध्यानात ठेवा. इंग्रजीत टाइप करताना स्पेलिंग अडवतं. गेवराईसारखी गावं दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. सर्चमधला माइक दाबून मराठीत बोला किंवा देवनागरीत लिहा, पुष्कळदा तेच लवकर सापडतं.

मग येतात जागा सोडलेली गावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली अनेक गावं नव्या जागी वसवली गेली. जायकवाडीच्या नाथसागरात, माजलगावच्या धरणात जमिनी गेलेल्या गावांचंही तसंच. अशा गावाची मॅपवरची खूण जुन्या जागेवर असू शकते. पोहोचल्यावर पडकी जोती आणि बाभळी दिसतात आणि माणसं राहतात ती वेगळ्याच ठिकाणी. किल्लारी, सास्तूर भागात पहिल्यांदा जात असाल तर सॅटेलाइट दृश्य एकदा सुरू करा. आखीव चौकोनी गल्ल्या दिसल्या की ते पुनर्वसन झालेलं गाव. ग्रामपंचायत किंवा शाळा शोधून तिला रस्ता लावा, गावाच्या नावाला लावू नका.

वस्ती, तांडा, शेतातला आखाडा यांना पत्ताच नसतो. तिथे प्लस कोड वापरा. ज्याच्याकडे जायचं आहे त्याला सांगा: आपल्या दारात उभं राहून ठिपक्याच्या जागी बोट दाबून धर, लाल खूण पडेल, तिच्या माहितीत अधिकचं चिन्ह असलेला कोड आणि जवळच्या गावाचं नाव दिसेल, तेवढं पाठव. हा कोड सुमारे १४ मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो, म्हणजे अंगणापर्यंत. फोनवरून तोंडीही सांगता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवणार असाल तर 'करंट लोकेशन' मागा, आणि ते पाठवताना तो घरीच आहे ना ते विचारा. बाजारात बसून पाठवलेलं लोकेशन बाजारातच नेतं.

कुणी अक्षांश-रेखांशाचे नुसते आकडे पाठवले, तर एक झटपट तपासणी: मराठवाड्यात पहिला आकडा १७ ते २१ च्या दरम्यान आणि दुसरा ७४ ते ७९ च्या दरम्यान असतो. उलटे आले असतील तर अदलाबदल करा.

६. डोळ्यांसाठी

सेटिंग्ज, डिस्प्ले इथे फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज अशा दोन पट्ट्या आहेत. दोन्ही वाढवा. फक्त फॉन्ट वाढवला तर यादीतली अक्षरं मोठी होतात, बटणं आणि खुणा तशाच बारीक राहतात. फार वाढवलं तर खालची बटणं स्क्रीनबाहेर जातात, म्हणून एकेक पायरी वाढवत मॅप उघडून बघा.

नकाशावरच्या गावांची नावं मात्र झूम करून मोठी होत नाहीत. रस्ते मोठे होतात, अक्षरं तेवढीच राहतात. त्यासाठी अ‍ॅक्सेसिबिलिटीतलं 'मॅग्निफिकेशन' सुरू करा. तीन वेळा टॅप केलं की ती जागा भिंगाखाली आल्यासारखी मोठी होते, पुन्हा तीनदा टॅप केलं की पूर्ववत.

दुपारच्या उन्हात डार्क थीम वाचता येत नाही. मॅपच्या सेटिंगमधून थीम कायम 'लाइट' ठेवा, रात्रीच्या प्रवासापुरती बदला. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांना ट्रॅफिकच्या रंगांवरून काही समजत नाही. त्यांनी 'कलर करेक्शन' लावून पाहावं आणि रंगांऐवजी खाली लिहिलेल्या मिनिटांकडे बघावं.

७. कानांसाठी

मॅपची भाषा आधी मराठी करा: फोटोवर टॅप, सेटिंग्ज, 'अ‍ॅप लँग्वेज', मराठी. नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये आवाज तपासा, तोही मराठी हवा. आवाज येत नसेल तर फोनच्या 'टेक्स्ट-टू-स्पीच' विभागात गूगलचं इंजिन निवडून मराठी व्हॉइस डेटा उतरवा. हेही वाय-फायवरच करा. 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' असं कानावर पडलं की ज्येष्ठांचा धीर एकदम वाढतो, हे मी घरोघरी पाहिलं आहे.

आवाज 'लाउडर' ठेवा. तरी ऐकू येत नसेल तर ब्लूटूथ तपासा. खिशातल्या इअरफोनला किंवा गाडीच्या बंद स्टिरिओला फोन जोडलेला असतो आणि सगळ्या सूचना तिकडे जातात. सेटिंगमध्ये 'ब्लूटूथवर आवाज' बंद केलात की फोन स्वतः बोलतो.

नजर अधू किंवा अजिबात नसणाऱ्यांसाठी स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर या नावाने आहे. टॉकबॅकचा शॉर्टकट लावून ठेवला की आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून तो सुरू-बंद होतो. सुरू झाल्यावर फोनची रीत बदलते: एक टॅप म्हणजे फक्त वाचून दाखव, दोन टॅप म्हणजे उघड, उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, आणि यादी सरकवायला दोन बोटं. हे न सांगता कुणाच्या फोनवर टॉकबॅक लावून दिलंत तर फोन बिघडला असंच त्यांना वाटेल.

मामा गंगाखेडहून परभणीला एसटीने जातात तेव्हा कसं करतात ते सांगतो, कारण मला शिकवता आलं नसतं इतकं ते नेमकं आहे. ते नकाशाच्या चित्राच्या वाटेलाच जात नाहीत. ते चित्र टॉकबॅकला जेमतेम वाचता येतं. सर्चमध्ये बोलून ठिकाण सांगतात, 'डायरेक्शन्स' उघडतात आणि 'स्टेप्स'ची यादी काढतात. मग फोन उभा धरून अंगठा स्क्रीनच्या खालच्या भागात ठेवतात आणि उजवीकडे एकेक झटका देत सगळी वळणं घरीच ऐकून घेतात. बसमध्ये बसल्यावर ठरावीक वेळाने फक्त 'आता मी कुठे आहे' एवढं बघतात: ठिकाणापर्यंत किती मिनिटं उरली, तो आकडा. आकडा कमी होतोय म्हणजे बस बरोबर चालली आहे. कंडक्टरला स्टॉप आधी सांगून ठेवतात ते वेगळंच. रस्ता ओलांडणं, नाली, उघडा खड्डा यासाठी पांढरी काठी आणि सोबतचा माणूस. ते काम मॅपचं नाही आणि मॅपवर सोपवूही नये.

८. हातांसाठी, आणि व्हीलचेअरसाठी

दोन बोटांची चिमटी संधिवाताच्या हाताला जमत नाही. गूगल मॅप्समध्ये एका बोटाने झूम होतं: दोनदा टॅप करा, दुसऱ्या टॅपला बोट न उचलता वर-खाली सरकवा. आई आता हे अंगठ्याने करते. चुकून नकाशा फिरला किंवा तिरका झाला तर वरच्या होकायंत्रावर एक टॅप, उत्तर पुन्हा वर. हरवल्यासारखं झालं तर खालचं गोल निशाण्याचं बटण दाबा, नकाशा तुमच्यावर परत येतो. ही तीन बटणं-बोटं शिकवायला पुरेशी आहेत; बाकी सगळं एकाच दिवशी शिकवू नका.

नेहमीची ठिकाणं 'होम', 'वर्क' आणि लेबल लावून साठवा: दवाखाना, लेकीचं घर, बँक. मग टाइप करायची वेळच येत नाही. हात थरथरत असतील तर अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' वाढवा, चुकीच्या खुणा पडणं कमी होतं.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी मॅपच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबल प्लेसेस' सुरू करा. प्रवेशदार, पार्किंग, स्वच्छतागृह व्हीलचेअरला सोयीचं आहे का, ही माहिती असेल तिथे चिन्हासह दिसते. आपल्याकडे ती फार कमी ठिकाणी भरलेली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माहिती नसली तर त्या जागेचे लोकांनी टाकलेले फोटो बघा, पायऱ्या त्यात दिसतात, आणि फोन करून विचारा. तुळजापूरला मंदिरात पायऱ्या उतराव्या लागतात, माहूरला रेणुकादेवीसाठी चढाव्या लागतात. मॅप तुम्हाला गाडीतळापर्यंत नेतो, पुढचं सांगत नाही. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला ठेवून पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं, आणि मॅपवर 'व्ह्यू पॉइंट' नावाची खूण आहे ती वेगळ्या रस्त्याने जाते. ज्येष्ठ बरोबर असतील तर ही खूण नीट बघून निवडा. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं, तेही जाता जाता.

९. निघताना रस्ता एकदा डोळ्यांखालून घाला

मॅप सगळ्यात कमी मिनिटांचा रस्ता देतो. काळ्या मातीचा चिखल त्याला दिसत नाही. जूनपासून दसऱ्यापर्यंत पांदण रस्ता किंवा शिवरस्ता चुकूनही धरू नका, मॅप दहा मिनिटं वाचवतोय म्हणाला तरी. त्या मातीत चाक रुतलं की ट्रॅक्टर आणावा लागतो. 'स्टार्ट' दाबण्याआधी रस्त्याची शेवटची चार-पाच किलोमीटर मोठी करून बघा. रेघ एकदम बारीक झाली किंवा नाव-क्रमांक नसलेला रस्ता लागला तर दुसरा पर्याय निवडा. ओढ्यावरचा पूल ठेंगणा आहे का, पाणी चढलंय का, हे फाट्यावरच्या हॉटेलात विचारा. पाणी पुलावरून वाहत असेल तर मॅप काहीही म्हणो, गाडी घालू नका.

दुचाकीवाल्यांनी मॅपमध्ये दुचाकीचं चिन्ह निवडावं. चारचाकीचं राहिलं तर रस्ता समृद्धी महामार्गावर जाऊ शकतो. जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणाऱ्या त्या महामार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरला परवानगी नाही. दुचाकीचं चिन्ह निवडल्यावरही रस्ता एकदा तपासाच.

जमिनीच्या हद्दीसाठी हे अ‍ॅप वापरू नका. शेताचा बांध मॅपवर बघून भाऊबंदकीत वाद घालणारे भेटतात. त्यासाठी गट नंबर घेऊन महाभूनकाशा ही सरकारी वेबसाइट बघा, आणि वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच करून घ्या.

१०. उन्हाळ्यात फोन सांभाळा

एप्रिल-मे महिन्यात काचेमागे होल्डरला लावलेला फोन तापतो. तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो, स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, आणि आपण म्हणतो मॅप अडकला. आयफोनसाठी कंपनीच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. आपल्याकडे दुपारी चाळिशी सहज ओलांडते. होल्डर एसीच्या झडपेजवळ लावा, जाड कव्हर काढा, लांबच्या सरळ रस्त्यावर स्क्रीन बंद करून फक्त आवाजावर चला. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका, सावलीत ठेवा.

११. चुकीचं दिसलं तर दुरुस्त करा

रस्ता बंद आहे, गाव चुकीच्या जागी आहे, दवाखान्याला व्हीलचेअरसाठी उतार (रॅम्प) आहे पण नोंद नाही: त्या जागेवर टॅप करून 'सजेस्ट अ‍ॅन एडिट' दाबा, नसलेली जागा 'अ‍ॅड अ मिसिंग प्लेस'ने घाला. व्हीलचेअरच्या सोयीची नोंद करताना दाराचा फोटो जोडा, उंबरा आणि पायऱ्या त्यात येतील असा. ओपनस्ट्रीटमॅपवर मोफत खातं काढून वस्तीचा रस्ता स्वतः आखताही येतो, आणि ती भर ऑरगॅनिक मॅप्ससारख्या अ‍ॅपमध्ये पुढच्या अपडेटला येते. गावातल्या कॉलेजच्या पोरांनी एका रविवारी आपल्या शिवारातल्या वस्त्या आणि तांडे घातले, तर रात्री १०८ ला फोन केल्यावर रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरलाही वाट सांगणं सोपं जाईल.

गूगलकडे पाठवलेली दुरुस्ती तपासून मंजूर व्हायला वेळ लागतो. 'काँट्रिब्यूशन्स'मध्ये तिची स्थिती दिसते. ती मंजूर झाली की ऑफलाइन नकाशा पुन्हा अपडेट करा, कारण फोनमध्ये उतरवलेल्या प्रतीत तोवर जुनीच माहिती असते.